भुतांची मराठी

‘असतील शितं तर जमतील भुतं’ असं आपण सत्तेभोवती, पैशाभोवती गोळा होणाऱ्यांबद्दल सहज बोलून जातो. तेव्हा भुताची भीती कुणाच्याच मनात नसते. जे नाव अंधारात घ्यायला आजही माणसं कचरतात, तेच मराठीनं पंगतीला आणून बसवलं आणि भाताच्या चार शितांसाठी ताटकळायला लावलं. या धिटाईचं मला फार नवल वाटतं.

स्कॉटलंडच्या माणसांनी सैतानाशी असाच व्यवहार केला. त्याचं खरं नाव टाळून त्याला ‘म्हातारा निक’, ‘शिंगाड्या’, ‘खुरवाला’ अशी घरगुती नावं दिली. काही शेतकरी जमिनीचा एक तुकडा त्याच्यासाठी न नांगरता सोडत आणि त्याला ‘भल्या माणसाचं शेत’ म्हणत. चर्चला हे रुचेना, शेतकऱ्यांना जाब विचारला गेला. रॉबर्ट बर्न्सनं तर १७८६ साली छापलेल्या आपल्या पहिल्या संग्रहात थेट सैतानाशी गप्पा मारणारी कविता घातली. त्यांचीही म्हण जेवणाचीच आहे: सैतानाबरोबर जेवायचं तर चमचा लांब दांड्याचा हवा. पण त्यांचा सैतान एकटा. आपल्याकडे मात्र गर्दी आहे, आणि त्या गर्दीतल्या प्रत्येकाला नाव आहे, पत्ता आहे, दुःख आहे.

ही गर्दी कागदावर उतरली तीही एका विलक्षण योगानं. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन लोकसमजुती जमवत होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या. त्यांच्या मागे राहिलेली टिपणं एन्थोव्हेन या अधिकाऱ्यानं हाती घेतली आणि १९१५ मध्ये त्या लोकसमजुतींचा कोकणचा खंड निघाला. त्यातली माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी पुरवली होती. आज खालापूर तालुक्यात असलेल्या चौकचे मास्तरही त्यांत आहेत. त्या खंडात भुतांचे दोन वर्ग केले आहेत, घरची आणि बाहेरची. आजही कर्जतच्या एखाद्या वाडीत कुणी तापानं बरळू लागलं की ‘बाहेरचं असेल’ असं हळूच म्हटलं जातं, आणि त्या एका शब्दात सगळं येतं.

नावं नीट ऐकली की अंगावर वेगळाच काटा येतो. मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि सोडमुंज होण्याआधीच गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. अलवंतीण आणि हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेल्या बाया. गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडून मेलेला. समंध म्हणजे धनात जीव अडकलेला, मेल्यावर तर्पणाचं पाणी न मिळालेला. ही जुन्या समाजातल्या अवेळी मरणांची यादीच आहे. ज्या काळात बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ होता आणि पोरं पटकन जात, त्या काळानं आपल्या मेलेल्यांना विसरायचं नाकारलं. म्हणून तर त्यांची थट्टाही घरच्या माणसाची करावी तशी झाली. ‘हडळीला नाही नवरा, खविसाला नाही बायको’ या म्हणीत दोघांचं लग्न जमवायची घाई आहे. तापट माणसाला आपण आग्यावेताळ म्हणतो, आणि जो मुळातच घाबरट आहे त्याच्यासाठी ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ तयार असतो.

गिऱ्ह्याबद्दल सांगतात की तो रात्री पाण्याकडून नावानं हाक मारतो, वाट चुकवतो. पण त्याच्या शेंडीचे केस हाती लागले तर तो आपला गडी होतो. उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यात पावसाळी ओढे घटकेत चढतात, दर वर्षी धबधब्यांवर माणसं बुडतात. तिथे ‘रात्री पाण्याकडून हाक आली तर ओ देऊ नको’ ही ताकीद पोराला पाण्यापासून लांब ठेवायला पुरेशी होती.

सगळ्यात थक्क करतो तो चकवा. रानात माणूस सरळ चालतो आहे असं समजतो आणि रात्रभर फिरून त्याच झाडाशी येतो. २००९ साली यान सौमन या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या जंगलात आणि सहारात माणसं चालवून पाहिली. सूर्य किंवा चंद्र दिसत असला की ती बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ झाकलेलं असताना जंगलात ती गोल फिरली आणि आपलीच वाट कापून गेली, तेही सरळ चाललोय अशा खात्रीनं. डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर तर काहींचं वर्तुळ वीस मीटरपेक्षाही लहान झालं. दिशेचं भान पावलागणिक थोडं थोडं चुकत जातं आणि बाहेरची खूण नसली तर ती चूक साठत राहते. आपल्याकडे म्हातारी माणसं सांगायची: चकवा लागला की जागेवर बस, उजाडू दे. प्रयोगातून निघालेला निष्कर्ष आणि हा सल्ला एकमेकांशी जुळतात.

कर्जत-खोपोलीच्या या मुलखाचा डोंगरही भुतांच्याच नात्यातला. कर्जतच्या खांडसहून भीमाशंकरला वाट चढते, आणि ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात भीमाशंकरचं ठिकाण ‘डाकिनी’ असं दिलं आहे. त्या रानात पावसाळी रात्री कुजलेलं लाकूड बुरशीमुळे हिरवट चमकतं. दुसऱ्या बाजूला, खोपोलीहून बोरघाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. आख्यायिका अशी की या धनगरानं इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं, तेव्हा त्याला मारलं. अन्यायानं मेलेला माणूस इथे भूत झाला नाही, देव झाला, आणि ट्रकवाले जाता-जाता त्याच्यापुढे नाणं टाकतात.

ही भाषा जपावी, पण अंगात आलेलं भूत उतरवायला कुणाला मारू देऊ नये. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्येच झालेल्या महाराष्ट्राच्या कायद्यानं भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणं आणि साप चावलेल्याला दवाखान्यात नेण्यापासून रोखणं हे गुन्हे ठरवले आहेत. आजाऱ्याला डॉक्टरकडे न्या. आणि चौकच्या मास्तरांनी शंभर वर्षांपूर्वी केलं ते काम पुढे चालवा: तुमच्या गावचा मुंजा कोणत्या पिंपळावर राहतो, गिऱ्हा कोणत्या डोहातून हाक मारतो, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.