प्रति-व्हीलॅन स्पॅनिंग ट्री : कार्यपद्धती व मर्यादा

प्रयोगशाळेतील स्विच दोन मुख्य स्विचना आणि ते दोन्ही परस्परांना जोडल्यास एक तार तुटली तरी संपर्क टिकतो. परंतु इथरनेट फ्रेमला आयुर्मर्यादा नसल्याने ती या वर्तुळात फिरतच राहते व नेटवर्क ठप्प होते. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री पद्धती शोधली. तीत सर्वांत लहान ओळख-क्रमांकाचा स्विच ‘मूळ’ ठरतो व वर्तुळ पूर्ण करणारा मार्ग रोखला जातो. हा मार्ग मात्र एरवी निष्क्रिय राहतो.

सिस्कोच्या प्रति-व्हीलॅन पद्धतीत प्रत्येक व्हीलॅनचा, म्हणजे आभासी नेटवर्कचा, वृक्ष स्वतंत्र असतो. व्हीलॅन १० चे मूळ पहिल्या व २० चे दुसऱ्या मुख्य स्विचवर ठेवल्यास एकासाठी रोखलेला मार्ग दुसऱ्यासाठी खुला राहतो.

हा लाभ आपोआप मिळत नाही. ३२७६८ हा मूळचा प्राधान्यांक सर्वत्र तसाच ठेवल्यास सर्वांत लहान मॅक पत्त्याचा एकच स्विच सर्व व्हीलॅनचे मूळ होतो. त्यामुळे मार्ग पुन्हा निष्क्रिय राहतो. प्रत्येक व्हीलॅनसाठी दर २ सेकंदांनी जाणाऱ्या संदेशांचा भार मात्र वाढतो. म्हणून मूळ स्विचची विचारपूर्वक निवड ही या पद्धतीची पूर्वअट ठरते.