धांवणारांचें पोट आणि घरचें ताट

आमच्या दारव्ह्यांत पहांटे पांचाच्या सुमारास घराबाहेर पडलें, म्हणजे एक दृश्य हटकून दृष्टीस पडतें. पूर्वीं शकुंतला रेल्वे जिकडून जात असे तिकडच्या रस्त्यानें, आणि यवतमाळच्या रस्त्यानेंहि, मुलगे व मुली घोळक्याघोळक्यानें धांवत असतात. हीं बहुतेक पोलीस भरतीची तयारी करणारीं मुलें. मैदानी चाचणीचे एकंदर गुण ५०; त्यांपैकीं २० एकट्या लांब धांवेचे. मुलग्यांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धांवावें लागतें. एवढ्या चार-सहा मिनिटांवर कित्येक घरांचा पुढील संसार टांगलेला असतो.

माझ्या धाकट्या दिरांची मुलगी या घोळक्यांत आहे. चाचणीच्या आदल्या रात्रीं सासूबाईंनीं हौसेनें तिच्या आवडीचा गोळाभात केला व वर फोडणीचें तेल सढळ हातानें घातलें. पुरुषांच्या पंगती उरकून तिचें पान वाढावयास साडेनऊ झाले. पहांटे साडेचारला बदाम घातलेलें पेलाभर म्हशीचें दूध आणि एक डिंकाचा लाडू. नको म्हणण्याची प्राज्ञा आमच्या घरांत कोणाची आहे! दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिच्या पोटांत अशी कळ आली कीं, ती वांकून खालींच बसली; पुढें जें व्हावयाचें तें मैदानाच्या कडेला झालें. घरीं आली ती कोणाशीं न बोलतां. रात्रीं मात्र माझ्यापाशीं येऊन म्हणाली, "काकू, माझ्यांत दमच नाहीं." वडील मंडळींचें निदानहि तेंच पडलें : मुलगी अशक्त आहे, सबब बदाम वाढवावे.

हें निदान साफ चुकीचें होतें, हें मला मागाहून कळलें. आपण जेवून स्वस्थ बसतों, तेव्हां रक्ताचा मोठा वांटा जठर व आंतडीं यांच्या कामीं लागलेला असतो. जोरानें धांवूं लागतांच पायांचे स्नायू आणि अंग थंड राखणारी त्वचा हीं दोन्हीं रक्त मागूं लागतात, व शरीर तें पोटाकडून काढून घेतें. अगदीं नेटाच्या धांवेंत पोटाकडील रक्तप्रवाह शेंकडा ८० पर्यंत घटूं शकतो. अशा वेळीं पोटांत अन्न शिल्लक असेल तर तें तेथेंच रेंगाळतें, पावलागणिक हिंदकळतें, आणि मळमळ, पोटशूळ, नाहीं तर अकस्मात् शौचाची भावना उत्पन्न होते. त्यांत आमच्याकडील उन्हाळा आणि परीक्षेची धास्ती यांची भर. मनाची धास्ती आंतड्यांना किती लवकर कळते, हें ज्यांच्या घरांत मॅट्रिकचीं मुलें होऊन गेलीं त्यांना सांगावयास नकोच.

अशक्तपणाचा येथें संबंध नाहीं, याचें उदाहरण पाहा. उटा पिपिग ही जर्मन धांवपटू १९९६ सालीं बोस्टनच्या शंभराव्या मॅरेथॉनमध्यें धांवली, ती पोटांतील कळा व जुलाब सोसीतच. आणि ती शर्यत तिनेंच जिंकली. ही हकीकत मीं पुतणीला सांगितली, तेव्हां पहिल्यांदाच ती जरा हंसली.

शक्तिवर्धक पदार्थांवरील श्रद्धा मात्र आपल्याच घरांत आहे असें नव्हे. १९०४ सालच्या सेंट लुई येथील ऑलिंपिकांत टॉमस हिक्स यास वाटेंत त्याच्या सोबत्यांनीं अंड्याचा बलक वगळून उरलेला पांढरा भाग, ब्रँडी आणि चक्क कुचल्याचें विष पाजलें होतें! गडी पहिला आला खरा, पण कोसळण्याच्या बेतांत. त्यामानानें आमच्या सासूबाईंचा डिंकाचा लाडू सौम्यच म्हणावयाचा.

आतां ताटाकडे वळूं. तेलतूप जठरांतून सावकाश पुढें सरकतें. हरभऱ्याची व तुरीची डाळ, कांदा, लसूण, गहूं यांत कांहीं शर्करा अशा असतात कीं त्या लहान आंतड्यांत पुरत्या शोषल्या जात नाहींत. पुढें जाऊन त्या आंबतात व वायु धरतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठांतील संशोधकांनीं या शर्करांचा पुष्कळ अभ्यास केला आहे. दुधांतील साखरहि आपल्याकडील पुष्कळ प्रौढांना नीट पचत नाहीं. याचा अर्थ वरण कायमचें बंद करावें असा कोणी करूं नये. तसें करणें हा दुसरा अतिरेक. परीक्षेपूर्वींचा एकदोन दिवसांचाच प्रश्न आहे. तेवढ्यापुरता मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, थोडें ताक सोसत असल्यास ताक, पिकलेलें केळें, एवढें पुरे. पोटभर जेवण धांवण्याच्या तीन-चार तास आधीं, आणि अगदीं हलकें कांहीं खावयाचें तर तासदीड तास आधीं. चाचणीच्या दिवशीं नवा पदार्थ तोंडांत घालूं नये. जें खावयाचें तें सरावाच्या दिवशीं आधीं खाऊन पाहावें. पोटालाहि संवय लावावी लागते.

आठशें किंवा सोळाशें मीटरांत वाटेंत खाण्यापिण्याचें कारणच नाहीं. तासाहून अधिक धांवणारांस मात्र साखर व मीठ घातलेलें पाणी घोटघोट घ्यावें लागतें. तें पाकासारखें दाट केलें तर पोटांतच साचून राहतें, आणि नुसतेंच पाणी लोटाभर ढोसलें तर रक्तांतील मीठ पातळ होऊन जिवावर बेतूं शकतें.

एक गोष्ट जरा स्पष्टच लिहितें. पाय दुखूं नयेत किंवा मासिक धर्माच्या वेदना जाणवूं नयेत म्हणून मुलें-मुली धांवण्यापूर्वीं वेदनाशामक गोळी घेतात व घरीं सांगत नाहींत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या आंतड्यांच्या अस्तरास इजा करतात, आणि रक्त कमी मिळत असतांना ती इजा वाढते. डॉक्टरांस विचारल्यावांचून त्या घेऊं नयेत. शौचावाटे रक्त जाणें, वजन घटणें, न धांवतांहि रात्रीं पोट दुखून जाग येणें, यांवर मात्र खिचडी हा उपाय नव्हे, डॉक्टरकडेच जावें.

सासूबाईंना हें सारें पटविण्यास मला महिनाभर लागला. "दूध का कधीं कोणाला बाधतें?" हा त्यांचा प्रश्न अद्यापहि अधूनमधून येतो. परंतु पुतणीचें पान आतां सात वाजतां वाढलें जातें, पुरुषांच्या आधीं; यावरून घरांत जें बोलणें झालें तें येथें सांगत नाहीं. बदामाचें दूध ती धांवून आल्यावर, घाम निवल्यावर पिते, व तें तिला सोसतेंहि. पुढच्या भरतीची ती वाट पाहत आहे. गोळाभात बंद झालेला नाहीं. तो रविवारीं दुपारीं होतो, आणि त्या संध्याकाळीं तिला धांवण्याची सुटी असते.