माउसच्या बटणावर हुकूम : मराठी टाइप करणाऱ्यांसाठी

मागच्या व्याख्यानानंतर दौंडच्या एका टाइपिंगवाल्यांनी विचारलं होतं, "विममध्ये मराठी लेआउट चालू असला की फाइल सेव्हच होत नाही, असं का?" शिरूरहून आलेल्या एकांचंही तेच दुखणं. तहसील कचेरीसमोर बसून अर्ज टाइप करणाऱ्याला हे दिवसभर छळतं, म्हणून आज तिथूनच सुरुवात करू.

विमचे हुकूम साध्या अक्षरांचे. सेव्ह करायचं तर कोलन आणि डब्ल्यू. पण इनस्क्रिप्टमध्ये कोलनच्या जागी आहे छ, आणि डब्ल्यूवर दोन मात्रा. म्हणजे आपण हुकूम देतो आणि संगणकाला ऐकू येतं 'छै'! त्यात एस्केप दाबायचं विसरलात, तर ते 'छै' थेट अर्जात उतरतं. सातबाऱ्याच्या अर्जात ते तसंच छापून गेलं, की हसावं का रडावं कळत नाही.

दरवेळी इंग्रजीवर जायचं, हुकूम द्यायचा, परत मराठीवर यायचं. यात लक्ष तुटतं. माउसच्या बटणाला मात्र भाषा नसते.

अंगठ्याशी दोन जादा बटणं असलेला माउस घ्या. विम त्यांना एक्स-वन आणि एक्स-टू म्हणतो. खिडकीवाल्या जीविममध्ये ती विंडोजवर चालतात, लिनक्सच्या एक्स-११ वरही. विमआरसी फाइलमध्ये एकच ओळ लिहायची : आय-नोरीमॅप, मग कोनी कंसात एक्स-वन-माउस, कोनी कंसात सी-ओ, कोलन-डब्ल्यू, शेवटी कोनी कंसात सीआर. यातलं सी-ओ महत्त्वाचं. 'लिहिता लिहिता हा एवढा हुकूम चालव आणि परत लिहिण्यावर ये,' असा त्याचा अर्थ. हुकूम आधीच लिहून ठेवलेला असल्यामुळे त्या वेळी कीबोर्ड कुठल्या भाषेत आहे याचा संबंधच उरत नाही. फाइलला आधी नाव मात्र दिलेलं हवं.

ही कल्पना टोकाला नेली रॉब पाइक यांनी, बेल लॅब्जमध्ये, १९९० च्या दशकात. त्यांच्या अॅक्मी एडिटरमध्ये खिडकीतल्या कुठल्याही शब्दावर मधलं बटण दाबा, तो शब्द हुकूम म्हणून चालतो. डाव्या बटणाने मजकूर निवडायचा, ते न सोडता मधलं दाबलं की कट, उजवं दाबलं की पेस्ट. सेव्हचा शब्द 'पुट'. मला स्वतःला ही पद्धत विमपेक्षा सरळ वाटते, पण तीन बटणांचा माउस लागतोच.

आणि एक. चाकाच्या बटणावर खोडण्याचा हुकूम कधी ठेवू नका. पान सरकवताना ते हमखास दाबलं जातं.