आबांचा फॅन आणि माझी थर्मोडायनॅमिक्स

थर्मोडायनॅमिक्सच्या व्हायवात सरांनी मला पहिलाच प्रश्न विचारला होता, "उष्णता आणि तापमान यात फरक काय?" मी पाठ केलेली व्याख्या धडाधड म्हणून दाखवली. सर म्हणाले, "गुड." पण तो फरक मला खरा कळला तो मे महिन्यात, लातूर जिल्ह्यातल्या आमच्या पत्र्याच्या घरात.

त्या दुपारी बाहेर ४३ अंश होतं. आबा, म्हणजे माझे आजोबा, बाजेवर पडले होते. मी त्यांच्या अंगावर टेबलफॅन फुल्ल करून लावला आणि शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलो. दोन तासांनी आजीनं हाक मारली. आबांचं अंग चटका बसावा इतकं तापलेलं, कोरडं ठणठणीत आणि बोलणं असंबद्ध. "फॅन तर चालूच होता की रे!" आजी म्हणाली. माझ्याकडं उत्तर नव्हतं. ओली चादर गुंडाळून आबांना जीपनं दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी ते घरी आले. नांदेडला होस्टेलवर परतल्यावर मी पुस्तक पुन्हा उघडलं, या वेळी मार्कांसाठी नाही.

आंबे जास्त झाले की आपण 'अंगात उष्णता झाली' म्हणतो. भौतिकशास्त्र मात्र म्हणतं, उष्णता कशातच साठत नाही. साठते ती आंतरिक ऊर्जा, म्हणजे रेणूंच्या हालचालीची आणि त्यांच्या परस्पर ओढीची. तापमान हे रेणूंच्या सरासरी धावपळीचं माप. आणि तापमानातल्या फरकामुळं जी ऊर्जा गरमाकडून थंडाकडं वाहते, तिला उष्णता म्हणायचं. फुलबाजीची ठिणगी हजार अंशाच्या आसपास असते, पण हातावर पडली तरी फारसं भाजत नाही, कारण तिचं वस्तुमान नगण्य. उकळत्या पाण्याचा तांब्या मात्र १०० अंशालाच कातडं सोलतो.

उष्णता ऊर्जाच आहे, हे इंग्लंडच्या जेम्स जूलनं १८४० च्या दशकात दाखवलं. खाली उतरणाऱ्या वजनांच्या जोरावर त्यानं भांड्यातलं पाणी रवीनं ताक घुसळावं तसं घुसळलं, आणि पाणी किंचित तापलं. १ किलो पाणी १ अंशानं तापवायला सुमारे ४२०० जूल लागतात. तेवढ्याच ऊर्जेत तेच पाणी सव्वाचारशे मीटर उंच चढवता येईल!

आता आबांचा फॅन. फॅन हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश आणि हवा ४३ अंश. मग उष्णता कुठून कुठं वाहणार? हवेतून आबांकडं! वरून तापलेला पत्रा होताच. शिवाय बसल्या माणसाचं शरीरही १०० वॅटच्या बल्बइतकी उष्णता तयार करतं. ती बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, घामाचं बाष्पीभवन. १ किलो पाणी कातडीवरून उडताना सुमारे २४ लाख जूल घेऊन जातं. म्हणजे नुसतं पडून राहायलाही तासाला दीडशे मिली घाम उडायला हवा. म्हातारपणी घाम कमी येतो, तहानही कमी लागते. कोरड्या अंगावर मी ४३ अंशाचा वारा सोडत होतो.

हेच गणित आपल्या माठाचं. १० लिटर पाणी ३५ वरून २५ अंशांवर आणायला साधारण पावणेदोनशे मिली, म्हणजे पेलाभर पाणी झिरपून उडावं लागतं. बाहेरून आत येणारी उष्णता धरली तर थोडं जास्तच. पावसाळ्यात हवाच दमट, पाणी उडत नाही, म्हणून माठही गार होत नाही आणि कूलरही. होस्टेलवर आमची पोरं कूलर लावून खिडक्या गच्च बंद करतात, मग तासाभरात चिकचिक सुरू. खिडकी उघडी ठेवा रे, दमट हवा बाहेर जाऊ द्या!

ऊन लागलेला माणूस बरळत असेल तर त्याला सावलीत घ्या, अंग ओलं करा, मग वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आता उन्हाळ्यात घरी गेलो की आधी आबांच्या अंगावर ओला पंचा टाकतो, मगच फॅनचं बटण दाबतो. आबा म्हणतात, "इंजिनेरिंगला एवढे पैसे घातले, ते पंचा भिजवायला व्हय?" मी म्हणतो, "व्हय आबा, त्यालाच."