हातउसने पैसे आणि कायद्याची मुदत

अडीअडचणीच्या प्रसंगी शेजाऱ्याने शेजाऱ्यास, भावाने भावास हातउसने पैसे देणे ही आपल्या समाजातील जुनी रीत आहे. आजारपण, लग्नकार्य, घराची शाकारणी वा पेरणी यांसाठी अशा रकमा बहुधा केवळ विश्वासावर दिल्या जातात. त्या वेळेवर परत न आल्यास देणारा भिडेपोटी गप्प राहतो आणि कित्येकदा कायद्याने दिलेला हक्कच गमावून बसतो. म्हणून अशा वेळी कोणते उपाय उपलब्ध आहेत व ते किती अवधीत योजावयाचे, हे प्रत्येकाने जाणून घेणे हितावह आहे.

तीन वर्षांची मुदत

१९६३ च्या मुदत कायद्यानुसार उसन्या रकमेच्या वसुलीचा दावा तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. फेडीची तारीख ठरली नसेल किंवा ‘मागाल तेव्हा देईन’ एवढेच ठरले असेल, तर ही तीन वर्षे पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजली जातात, पैसे मागितल्याच्या दिवसापासून नव्हे. फेडीची तारीख ठरलेली असल्यास मुदत त्या तारखेपासून सुरू होते.

समजा, पेडणे तालुक्यातील एका शिक्षकाने ५ मे २०२३ रोजी शेजाऱ्यास छपराच्या दुरुस्तीसाठी बँकेमार्फत ८०,००० रुपये दिले व फेडीची तारीख ठरविली नाही. त्यांच्या दाव्याची मुदत ५ मे २०२६ रोजी संपते. मधल्या काळात शेजाऱ्याने तोंडी कितीही आश्वासने दिली तरी मुदत वाढत नाही. धनकोने स्वतः नोटीस पाठविल्यानेही ती वाढत नाही. पोलीस ठाण्यात वा पंचायतीत अर्ज दिल्यानेही ती थांबत नाही.

मुदत वाढण्याचे मार्ग दोनच. पहिला म्हणजे, मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने आपले देणे सहीनिशी लेखी मान्य करणे. दुसरा म्हणजे, मुदतीच्या आत त्याने काही रक्कम फेडणे व त्या फेडीची नोंद त्याच्या हस्ताक्षरात वा सहीनिशी असणे. असे झाल्यास त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. वरील उदाहरणात शेजाऱ्याने ४ मार्च २०२५ रोजी ५,००० रुपये देऊन तशी सहीची नोंद करून दिली असती, तर मुदत ४ मार्च २०२८ पर्यंत गेली असती. मुदत संपून गेल्यावर मात्र ऋणकोने फेडीचे नवे लेखी वचन सहीनिशी दिले, तरच भारतीय करार कायद्याच्या कलम २५ खाली धनकोस आधार मिळतो.

कागदपत्रांचे महत्त्व

रक्कम बँकेमार्फत द्यावी. २०,००० रुपये वा अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई असून घेणाऱ्यावर दंडाची कारवाई होऊ शकते. व्यवहार वचनचिठ्ठीवर करावयाचा असेल, तर तिच्यावर नियमानुसार तिकीट लावून सही घ्यावी. तिकीट नसलेली वचनचिठ्ठी पुराव्यात घेता येत नाही व ही उणीव मागाहून दंड भरूनही दूर होत नाही.

जो नियमितपणे व्याजाने पैसे देण्याचा धंदा करतो, त्यास राज्याच्या सावकारी कायद्यानुसार परवाना घ्यावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

दिवाणी दावा

प्रथम पोच मिळेल अशा टपालाने लेखी मागणी करावी. तिचा उपयोग न झाल्यास ऋणको राहतो तेथील दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. वचनचिठ्ठी वा लेखी करार असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा करण्याची सोय आहे. यात समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत प्रतिवादीने हजर व्हावे लागते आणि बचाव मांडण्यास न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. लेखी करार नसल्यास साधा दावा करून बँकेच्या नोंदी, पत्रे व साक्षीदार यांच्या आधारे व्यवहार सिद्ध करावा लागतो. ऋणको मरण पावल्यास वारसांना मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत वसुली होऊ शकते.

हुकूमनामा झाल्यावर त्याच्या अंमलबजावणीसाठी १२ वर्षांच्या आत दरखास्त द्यावी लागते. अंगावरील आवश्यक वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे व उपजीविकेस आवश्यक गुरे यांवर जप्ती आणता येत नाही.

धनादेश न वटल्यास

फेडीसाठी दिलेला धनादेश खात्यात पैसे नसल्यामुळे परत आला, तर परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागू होते. बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम न दिल्यास पुढील एक महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद करावी. या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

धनादेशाचे हे प्रकरण सोडल्यास केवळ पैसे न फेडणे हा फौजदारी गुन्हा नाही. पैसे घेतानाच फसविण्याचा हेतू होता असे दिसत असेल, तरच फसवणुकीची तक्रार टिकू शकते. धाकदपटशा दाखवून वा परस्पर वस्तू उचलून नेऊन वसुली केल्यास धनकोच गुन्हेगार ठरू शकतो.

लोकन्यायालय व मोफत साहाय्य

आपसांतील संबंध राखून तंटा मिटवावयाचा असल्यास लोकन्यायालय हा सोयीचा मार्ग होय. तेथील तडजोडीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो व त्यावर अपील नसते. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व औद्योगिक कामगार यांना, तसेच ठरविलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

उसने देताना विश्वास जरूर ठेवावा, परंतु दिल्याची तारीख लिहून ठेवावी. दोन वर्षे उलटूनही रक्कम आली नसेल, तर ऋणकोकडून सहीची लेखी पोच मागावी. ती देण्याचे त्याने टाळल्यास मुदत शिल्लक असतानाच न्यायालयाचा मार्ग धरावा.