एटीव्हीची साखळी आणि दंतचक्रे

अमेरिकेतील हौशी कारागीर खडकाळ वाटांवर चालणाऱ्या एटीव्ही या चारचाकी वाहनास कधीकधी मोटारसायकलचे इंजिन बसवितात. इंजिन जोमदार असते. तरीही पहिल्याच चढावर क्लच जळू लागतो. दोष बहुधा साखळीच्या दंतचक्रांत असतो.

इंजिनाकडील चक्रास १५ व मागील चक्रास ४५ दाते असले, तर पुढील चक्राच्या ३ फेऱ्यांत मागील आस एकदा फिरतो. मोटारसायकलीस हे प्रमाण मानवते. एटीव्ही अधिक जड. चढावर तिला संथ चालावे लागते. पहिला गिअरही तेथे जलद ठरतो, चालक क्लच अर्धवट दाबून धरतो, आणि क्लच घासून तापतो.

मग मागील चक्र मोठे करावे काय? ५६ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा आस जमिनीपासून अवघा २८ सेंटिमीटर उंच. मोटारसायकलींत रूढ असलेल्या ५२० क्रमांकाच्या साखळीचे ४८ दात्यांचे चक्र सुमारे २४ सेंटिमीटर रुंद असते. खाली जेमतेम १६ सेंटिमीटर उरतात, त्यातही साखळीची जाडी वजा जाते. एखादा दगड तिला सहज गाठतो.

याउलट पुढील चक्राचा एकच दाता कमी केला, तर मागे ३ दाते वाढविल्याइतकाच जवळजवळ लाभ होतो. १२ दात्यांनी प्रमाण ३.७५ होते. लहान चक्राभोवती साखळी तीव्र वळून लवकर झिजते खरी, आणि इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत वेगही एक-पंचमांशाने घटतो. पण चढावर क्लच पूर्ण सोडता येतो.