घरगुती ऑर्किडसाठी पाणी व हवामान

ऑर्किड ही दमट रानातील वनस्पती असून मराठवाड्याच्या उन्हात ती तग धरावयाची नाही, असा पुष्कळांचा समज असतो. तो पूर्णांशाने खरा नाही. रास्ना या नावाने ओळखले जाणारे वांडा जातीचे ऑर्किड दख्खनच्या कोरड्या भागातही झाडांच्या खोडांवर वाढते. जालना जिल्ह्यात घरी लावलेली ऑर्किडे बिघडतात त्यास उन्हाइतकेच पाणीही कारण असते.

येथील विहिरी व विंधनविहिरी मुख्यतः काळ्या पाषाणात खोदलेल्या आहेत. या खडकातून झिरपलेल्या पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार असतात. डाळ शिजण्यास वेळ लागतो, साबणास फेस येत नाही, भांड्यास पांढरा थर धरतो. हीच जड पाण्याची खूण होय. जमिनीतील झाडाभोवतीची माती असे काही क्षार धरून ठेवते. ऑर्किडच्या उघड्या मुळांवर मात्र केवळ स्पंजासारखे पातळ आवरण असते. शिंपलेले पाणी उडून जाते आणि क्षार तेथेच साचतात. प्रथम मुळांची हिरवी टोके करपतात, मग पाने सुरकुततात. ते पाहून पाणी वाढविले जाते व दुखणे बळावते.

पाणी उकळून गार केल्यास काही चुना तळाशी बसतो, पण सर्व क्षार जात नाहीत. तुरटीने केवळ गाळ बसतो. मिठाच्या साहाय्याने पाणी मृदु करणाऱ्या यंत्राचे पाणी वर्ज्य समजावे, कारण त्यात सोडियम वाढते. घरातील शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी कुंड्यांना घालण्याची रीत अलीकडे पडली आहे. ऑर्किडला ते मूळ पाण्याहूनही वाईट.

सर्वांत चांगले ते पावसाचे पाणी. 10 चौरस मीटर पत्र्यावर 25 मिलिमीटर पाऊस पडल्यास हिशेबाने 250 लिटर पाणी होते. गळती वजा जाता 200 लिटरचे पिंप सहज भरावे. पहिल्या सरीचे धुळकट पाणी सोडून द्यावे व पिंपाचे तोंड कापडाने घट्ट बांधावे. दहा रोपांवर मिळून फवाऱ्याने रोज 2 लिटर पाणी दिले तरी ते शंभर दिवस पुरते. 2012 च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या व पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागले. अशा वर्षी फुलझाडास टँकरचे पाणी कोण घालील? पिंप भरलेले असल्यास तो प्रश्नच उरत नाही.

मे महिन्यात पारा 40 अंशांपुढे जातो. त्या दिवसांत रोपे पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या पडवीत, सावलीच्या जाळीखाली टांगावीत. खाली परातीत ओली वाळू ठेवावी. येथे साधे विहिरीचे पाणी चालते. गच्चीवरील टाकीचे दुपारचे कढत पाणी कदापि देऊ नये. फवारणी सकाळी करावी. पावसाळ्यात मुळे कुजण्याचे भय असल्याने हवा खेळती हवी, तर हिवाळ्यात पाणी कमी करावे. कुंडीत काळी माती न घालता कोळसा व विटांचे तुकडे भरावेत.

प्रारंभ वांडा किंवा डेंड्रोबियम जातींपासून करावा. फॅलेनॉप्सिसची फुले मोहक खरी, परंतु येथील उन्हाळा तिला सोसवत नाही. रोपे रोपवाटिकेतूनच घ्यावीत. रानातील झाडांवरून उतरवू नयेत.